पट्टी सापडत नाही

एकवीस जानेवारीला, सोमवारी, सकाळी सव्वानऊला माझी बायको बोलायची थांबली. निदान तेव्हा मला तसंच वाटलं.

मी चहा गाळत होतो. स्वयंपाकघरातूनच ओरडलो, "वृषाली, आज जरा गारठा आहे ना गं?" रोज सकाळी मी असलं काहीतरी विचारतो आणि आतल्या स्पीकरमधून ती मला एक टोमणा मारते. एवढ्यावर माझा दिवस सुरू होतो. त्या दिवशी टोमणा आला नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. चहा तसाच ठेवून आत गेलो, तर टेबलावरच्या पेटीचा दिवा लाल झाला होता आणि पडद्यावर एकच ओळ होती : 'आवाज' नावाचं उपकरण सापडत नाही.

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की पहाटे पाच वाजता सिस्टिम अपग्रेड झाली आहे. मी एक सणसणीत शिवी हासडली. वृषाली एरवी म्हणाली असती, "कुणाला? मला की पेटीला?" पण खोलीत फक्त पेटीच्या पंख्याची घरघर होती. आपल्या घरात इतकी शांतता असू शकते हे मी विसरून गेलो होतो.

मी हर्षद चिवटे. कराडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एकोणतीस वर्षं सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होतो. म्हणजे सगळं सुरळीत चालू असताना ज्याची कुणाला आठवण येत नाही आणि बंद पडलं की ज्याच्या नावानं शंख होतो, तो माणूस. एकोणतीस वर्षांत निकालाच्या दिवशी माझा सर्व्हर एकदाही पडला नाही. हे मी निरोपसमारंभाच्या भाषणात तीनदा सांगितलं, असं वृषालीचं म्हणणं. ती हायस्कुलात भूगोल शिकवायची. आम्हाला मूल नाही. तिला मोटर न्यूरॉनचा आजार झाल्याला आता पाच वर्षं झाली. पहिल्या वर्षी माणसं भेटायला यायची, दुसऱ्या वर्षी फोन करायची. आता तर औषधंसुद्धा ड्रोन गच्चीवर ठेवून जातं, त्यामुळे दुकानदाराशीही चार शब्द होत नाहीत. सकाळी नऊ ते पाच वनिताताई येतात, वृषालीचं सगळं करतात. त्या सोमवारी त्यांना यायला उशीर होणार होता.

या आजारात मेंदू शाबूत राहतो. तो हुकूम सोडतच असतो, पण हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून मरतात. आधी हात, मग पाय, मग जीभ आणि गळा. डोळे तेवढे शेवटपर्यंत ऐकतात. तीन वर्षांपूर्वी बाजारात गळपट्टी आली. बोलायचं मनात आणलं की मेंदूनं गळ्याकडे धाडलेल्या आज्ञेतला अगदी थोडा अंश उरल्यासुरल्या तंतूंपर्यंत पोचतो. तो कातडीवरून टिपायचा, पेटीत पाठवायचा आणि पेटीनं त्याचे शब्द करून बोलायचे, तेही पेशंटच्याच जुन्या आवाजात. यातला अवघड भाग असा की शब्द सगळे पोचत नाहीत. दहापैकी तीन पोचतात, तेही अर्धेमुर्धे. म्हणून पेटीत 'पूरक' नावाची सोय असते. वृषालीचे तीस वर्षांचे मेसेज, व्हिडिओ, वर्गातली रेकॉर्डिंग मी त्याला खायला घातली होती. तिनं 'प' म्हटलं की ते आजूबाजूचं बोलणं ऐकून ठरवायचं, पाणी की पडदा. आणि ठरवायचं ते बहुतेक बरोबर असायचं.

पूरकाचा एक वाईट गुण होता, तो मला माहीत होता. सिग्नल क्षीण झाला की ते जास्त भरायला लागतं. म्हणून कंपनीनं पडद्यावर एक रंगीत पट्टा दिला होता : वाक्यात माणूस किती आणि मशीन किती. सारखी हलणारी ती रेघ डोळ्यांना खुपायची, म्हणून मी ती पहिल्याच महिन्यात लपवून टाकली.

तर सोमवार. बायको मुकी, पेटी लाल, आणि गुरुवारी ऑपरेशन.

गुरुवारी वृषालीच्या श्वासनलिकेला छिद्र पाडून कायमचा व्हेंटिलेटर लावायचा होता. तिचा श्वास आता पुरत नव्हता. नळी बसवली तर आणखी पाच-सहा वर्षं सहज, असं डॉक्टर गौरी नेर्लेकर म्हणाल्या होत्या. नाही बसवली तर काही महिने. नळी बसली की गळपट्टी मात्र गेली, कारण जागाच उरत नाही. पंधरा तारखेला त्या संमती घ्यायला घरी आल्या. पट्टीतून आलेला आवाज हीच पेशंटची संमती, असा आता कायदाच आहे. त्यांनी विचारलं आणि स्पीकरमधून वृषाली म्हणाली, "हो, करा. मला एवढ्यात कुठे जायचं नाहीये. यांना साधी आमटी जमत नाही अजून." आम्ही दोघंही हसलो. मी हसता हसता रडलो. आयुष्यात कुठल्याच शब्दानं मला इतका आनंद दिला नव्हता.

तेव्हा पेटी दुरुस्त व्हायलाच हवी होती. मी खुर्ची ओढली आणि टर्मिनल उघडलं.

या पेटीचं नाव कुंभार्ली. माझ्या सगळ्या मशिनांना मी घाटांची नावं देतो. कुंभार्लीत लिनक्स आहे, कारण दुसऱ्यानं कुलूप घातलेली सिस्टिम मी घरात ठेवत नाही. आधी केबल हलवून पाहिली. मग कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, नोंदी पाहिल्या. कर्नल म्हणत होता, पट्टी आहे, दिसतेय, धडधाकट आहे. म्हणजे दुखणं पट्टीत नव्हतं, नाव देणाऱ्यात होतं.

हे जरा सांगायला हवं. लिनक्समध्ये एखादं उपकरण जोडलं की कर्नलला ते दिसतं, पण त्याला नाव देतो डिव्हाइस मॅनेजर. प्रसूतिगृहात बाळाच्या मनगटाला नावाची चिठ्ठी बांधणारी नर्स असते ना, तसलं त्याचं काम. त्याच्यापाशी नियमांची फाइल असते : अशा अशा खुणेचं उपकरण आलं तर त्याला अमुक म्हण. बाकीचे प्रोग्रॅम फक्त चिठ्ठी वाचतात, बाळाचा चेहरा कुणी बघत नाही. आमच्या घरची नियमांची फाइल मी स्वतः लिहिली होती आणि मला तिचा भारी अभिमान होता.

त्या फाइलीत दोन नियम होते. पहिला : गळपट्टी आली की तिला 'आवाज' म्हण. दुसरा माझ्या डोक्यातून निघालेला. वृषालीनं लाळ गिळली तरी पट्टी सरकायची, दिवसातून वीसेक वेळा. पट्टी सरकली की प्रोग्रॅम कोसळायचा, एक बाई खणखणीत आवाजात 'पट्टी सापडत नाही' म्हणायची आणि परत सगळं उभं राहायला चार मिनिटं लागायची. प्रोग्रॅम कोसळणं मला सहन होत नाही. तो माझा स्वभाव आहे आणि नोकरीही तीच होती. मग मी एक खोटं उपकरण बनवलं, जे काहीच न बोलता नुसतं बारीक खरखर करत राहतं, आणि दुसरा नियम लिहिला : पट्टी सापडली नाही तर तेवढ्यापुरतं या खोट्याला 'आवाज' म्हण. प्रोग्रॅम कोसळायचा थांबला. ती खणखणीत बाईही गेली. ही युक्ती मी गळपट्टीवाल्यांच्या ग्रुपवर टाकली, तेव्हा सोळा जणांनी फाइल मागून घेतली आणि धन्यवाद दिले.

नव्या डिव्हाइस मॅनेजरनं या दोन नियमांवरच बोट ठेवलं होतं. 'एकाच नावावर दोन उपकरणांचा दावा. नाव कुणालाच दिलेलं नाही.' चोख काम. मी म्हटलं, अरे शहाण्या, तीन वर्षं चालत होतं की. आता पहिल्यांदाच का कुरकुरतोस? आणि जुन्या नोंदी उघडल्या.

पहिल्यांदा नव्हतं ते. तीस ऑक्टोबरला, दिवाळीच्या सुमारास, आणखी एक अपग्रेड झालं होतं. त्यानं नियम वाचायचा क्रम बदलला होता आणि तेव्हापासून शेवटी वाचलेला नियम आधीच्यावर मात करत होता. शेवटचा नियम खोट्या उपकरणाचा होता. रोज एक इशारा लिहिला गेला होता आणि रोज मी तो वाचला नव्हता, कारण काहीच बंद पडलं नव्हतं.

मी ती ओळ चार-पाच वेळा वाचली. तीस ऑक्टोबरपासून 'आवाज' हे नाव खोट्या उपकरणाकडे होतं. पट्टी जोडलेली होती, तिचा दिवा हिरवा होता, पण तिचं कुणी ऐकत नव्हतं. पेटीत जात होती ती खरखर. आणि पूरक त्या खरखरीतून, माझे प्रश्न ऐकून, तीस वर्षांच्या मेसेजच्या जोरावर वाक्यं करत होतं.

मी बोटांवर दिवस मोजले. त्र्याऐंशी.

माणसाला पटकन काही पटत नाही. मी मनात उदाहरणं काढायला लागलो. संक्रांतीला वनिताताईंनी गुळपोळी केली, मी वृषालीला सांगितलं, तर ती म्हणाली, "जायफळ कमी घातलं असणार." हे तिच्याशिवाय कोण म्हणेल? कॉलेजचा जुना शिपाई वारला हे सांगितलं, तर म्हणाली, "तुम्ही त्याला कधी नीट सुट्टी दिली नाहीत." हेही तीच. मग एक गोष्ट ध्यानात आली. या त्र्याऐंशी दिवसांत ती एकदाही आपणहून बोलली नव्हती. मी विचारलं की उत्तर यायचं. मी गप्प, तर ती गप्प. आधी दिवसातून दहा वेळा हाक असायची, उशी सरळ करा, पंखा कमी करा, तो टीव्ही बंद करा. दिवाळीनंतर काहीच मागणं नाही. मी डॉक्टरांना अभिमानानं सांगितलं होतं, "ती आता शांत झालीय."

मी नियम सरळ केला. दुसरा नियम खोडला, मॅनेजर पुन्हा सुरू केला. 'आवाज' पट्टीला मिळालं, दिवा हिरवा झाला. आणि प्रोग्रॅमनं नम्रपणे विचारलं : पट्टीच्या स्मृतीत त्र्याऐंशी दिवसांची न वाचलेली नोंद आहे. वाचायची?

पट्टी नव्वद दिवसांचे सिग्नल स्वतःपाशी ठेवते, कंपनीच्या इंजिनिअरला तपासणीसाठी. मी पूरक बंद केलं आणि 'हो' दाबलं. पडद्यावर तारखा आणि शब्द उतरायला लागले. पूरकाशिवायचे, तुटके, जसे पोचले तसे.

तीस ऑक्टोबर. 'पंखा नको.' 'हे मी नाही बोलले.' 'अहो हे मी नाही.' 'अहो.' एकतीस ऑक्टोबर. 'मी नाही बोलत.' 'इकडे बघा.' एक नोव्हेंबर. 'इकडे बघा.' 'इकडे बघा.' 'इकडे.' मी नुसतं मोजत गेलो, कारण मोजत असलं की वाचावं लागत नाही. नोव्हेंबरात 'इकडे बघा' दोनशे एकोणीस वेळा होतं.

मी या टेबलाशी बसतो तेव्हा माझी पाठ तिच्या पलंगाकडे असते. आवाज स्पीकरमधून येतो आणि स्पीकर माझ्यासमोर आहे. मी तिच्याशी तासन् तास बोलायचो, स्पीकरकडे बघून.

डिसेंबरात शब्द बदलले. 'कृष्णा. कोयना. वारणा. नीरा. भीमा.' पुन्हा तेच. रोज सकाळी तेच. हे वाचल्यावर मला खुर्चीत बसवेना. पट्टी येण्याआधी आमच्याकडे पुठ्ठ्याचा एक तक्ता होता. वृषालीनंच तो आखला होता, हात चालत होते तेव्हा. अक्षरांच्या पाच ओळी, आणि भूगोलाच्या बाई असल्यानं प्रत्येक ओळीला नदीचं नाव. मी नद्या म्हणायचो, हव्या त्या नदीला ती पापणी मिटायची, मग त्या ओळीतली अक्षरं म्हणायचो. एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. ती मला सांगत होती, तक्ता काढा. आणि डोळ्यांनीही तेच सांगत असणार.

डोळ्यांनी. वनिताताई नोव्हेंबरात म्हणाल्या होत्या, "सर, बाई डोळ्यानं कायतरी सांगाय लागल्यात बगा. सारखं दोनदा-दोनदा मिटत्यात." मी म्हटलं, "डोळे कोरडे पडतात हो, एसीची हवा." त्या म्हणाल्या, "मला नाय तसं वाटत. एकदा म्होरं बसून बगा तर." मी वृषालीला विचारलं, "डोळे चुरचुरतात का गं?" आणि स्पीकर म्हणाला, "हो ना, थेंब घाला जरा." त्या दिवसापासून मी दिवसातून चारदा तिच्या डोळ्यांत थेंब घालत होतो. ती पापण्या मिटून नाही म्हणत होती आणि मी त्या पापण्या बोटांनी उघडून औषध घालत होतो.

एकोणीस डिसेंबर. 'कंबर.' 'कंबर.' 'कंबर.' वनिताताईंना तिच्या डाव्या कमरेवर चट्टा दिसला तो सव्वीसला. तोवर कातडी सोलली होती.

पंधरा जानेवारी, सकाळी अकरा. डॉक्टर आल्या होत्या ती वेळ. 'नको.' 'नको.' 'डॉक्टर नको.' 'नको मला.' 'इकडे बघा कुणीतरी.'

त्याच्या खाली काहीच नव्हतं. सोळा, सतरा, अठरा, एकोणीस, वीस. तारखा होत्या आणि समोर रिकामी जागा. पाच दिवस तिनं काही म्हणायचा प्रयत्नच केला नव्हता.

मी मागे वळून पाहिलं नाही. पाहायची छाती झाली नाही, हे खरं ते लिहितो. ती माझ्यामागे चार हातांवर होती, जागी होती, तिला सगळं ऐकू येत होतं, आणि मी पाठ करून बसलो होतो. मला त्या घडीला जगात कुणीच नव्हतं. गंमत अशी की ज्या आवाजाला हे सांगून मन हलकं केलं असतं, तो आवाजही नव्हताच. तीन महिने मी माझ्याच पेटीशी गप्पा मारल्या होत्या. आणि तीन महिने ती दोघांचं ऐकत पडून होती.

मग दुसरा विचार आला, तोही लिहितो. एक कमांड पुरे होती. मागची आवृत्ती परत घालायची, माझा दुसरा नियम परत लिहायचा, पट्टीची स्मृती पुसायची. आवाज परत आला असता, जायफळासकट. संमती रेकॉर्ड झालेली होती, कायद्यानं पक्की होती. गुरुवारी नळी बसली असती आणि वृषाली पाच-सहा वर्षं राहिली असती. तिनं 'नको' म्हटलेलं जगात फक्त मला ठाऊक होतं. मी ती कमांड टाइप केली. चक्क पूर्ण टाइप केली आणि एंटरवर बोट ठेवून किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. चहावर साय धरली होती.

दार वाजलं. वनिताताई आल्या, चप्पल काढता काढता नेहमीसारखं आत बघून म्हणाल्या, "काय वं बाई, झोप लागली का?" आणि पलंगाच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्या रोज तशाच उभ्या राहतात, तिच्या तोंडासमोर. उत्तर स्पीकरमधून येवो न येवो, त्या तिच्याकडेच बघतात.

मी टाइप केलेली ओळ खोडली. मग पेटीचा स्पीकरच बंद केला. त्या आवाजाचा 'हो' मला आता चालणार नव्हता, आणि 'नको'सुद्धा.

तक्ता कपाटामागे होता, धुळीनं भरलेला. मी तो पुसला, खुर्ची उचलून पलंगासमोर ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं. डोळे लाल होते. ते माझ्यावर रोखलेले होते आणि त्यांत ओळख नव्हती असं मला क्षणभर वाटलं. राग असता तर बरं वाटलं असतं.

"वृषाली," मी म्हटलं, "मी वाचलं सगळं. तीस ऑक्टोबरपासूनचं."

पापणी हलली नाही.

"कृष्णा," मी म्हटलं. "कोयना. वारणा."

वारणेला तिनं पापणी मिटली. अगदी सावकाश. मग एकेक अक्षर. थ. मग ब. तक्त्यावर काना-मात्रा नाहीत, त्या आपण लावून घ्यायच्या. "थांबा? थांबा म्हणतेस?" दोनदा मिटली. नाही. लग्नापासूनची माझी खोड आहे ती, तिची वाक्यं पुरी करायची. वर्गात मुलंसुद्धा तिला इतकी तोडत नसतील, असं ती म्हणायची. मी गप्प बसलो आणि पुढची अक्षरं येऊ दिली. न. क. त.

थेंब नकोत.

वनिताताई फसकन हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावला. मी हसलो की रडलो ते मला कळलं नाही. वृषालीला हसता येत नाही, पण डोळ्यांच्या कडा जरा बदलल्या. त्र्याऐंशी दिवसांत तिनं मला सांगितलेली ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट 'कंबर'. वनिताताईंनी आणि मी तिला कुशीवर वळवलं, खाली मऊ उशी दिली.

मग मी विचारलं. "गुरुवारची नळी. बसवायची?"

दोनदा मिटली.

"नीट विचार कर. पाच वर्षं मिळतील. मी समोर बसेन, तक्ता घेऊन बसेन, कुठे जाणार नाही."

दोनदा.

मी तिसऱ्यांदा विचारलं. वनिताताई म्हणाल्या, "सर, किती येळा विचारशीला?" तिसऱ्यांदाही दोनदा मिटली, आणि मग बराच वेळ मिटलेलीच ठेवली. थकली होती. मी तिचा हात धरून बसलो. मला ती हवी होती. मला फार हवी होती, हे मी तिला सांगितलं. तिनं एकदा पापणी मिटली. तिला ते माहीत होतं.

दुपारी डॉक्टर नेर्लेकरांना फोन केला. सगळं सांगितलं, लपवलं नाही. त्या म्हणाल्या, "चिवटे सर, त्या दिवशी मीसुद्धा स्पीकरकडेच बघत होते हो." गुरुवारचं ऑपरेशन रद्द झालं.

एक काम राहिलं होतं. ज्या सोळा जणांनी माझी फाइल नेली होती, त्या प्रत्येकाला मी पत्र लिहिलं : अमुक ओळ खोडा, अमुक नोंद वाचा, आणि आधी आपल्या माणसासमोर जाऊन बसा. नऊ जणांची उत्तरं आली. काहींनी आभार मानले, दोघांनी शिव्या दिल्या. अकोल्याच्या एका बाईंचं उत्तर मी जपून ठेवलंय. त्यांनी लिहिलं होतं, 'बाबांना जाऊन महिना झाला. शेवटच्या दिवशी आमचं फार छान बोलणं झालं होतं. हे मला कशाला कळवलंत?'

आता मे संपत आलाय. वृषालीचा श्वास फार थोडा राहिलाय. पट्टी अजून वापरतो, पूरक बंद ठेवून. त्यामुळे ती तासाभरात पाच-सहा शब्द बोलते, तेही अर्धे. टोमणे नाहीत. कधी कधी मला त्या दुसऱ्या आवाजाची आठवण येते, आणि ती आठवण कुणापाशी काढावी हे कळत नाही. तिच्यापाशी तर नाहीच.

दुसरा नियम मी परत लिहिला नाही. त्यामुळे पट्टी सरकली की प्रोग्रॅम कोसळतो, ती खणखणीत बाई ओरडते आणि मला उठून वृषालीच्या गळ्याशी जावं लागतं, पट्टी बसवावी लागते, तिच्या तोंडाकडे बघावं लागतं. मग चार मिनिटं पेटी उभी राहीपर्यंत करायला दुसरं काही नसतं, म्हणून मी नद्या म्हणतो. दिवसातून तीस-चाळीस वेळा होतं हे. तिचे स्नायू झिजतायत, तसतशी पट्टी जास्त सरकते. ज्याचा सर्व्हर एकोणतीस वर्षांत निकालाच्या दिवशी एकदाही पडला नाही, त्याची पेटी आता दिवसभर पडतेय.

एक दिवस ती बाई 'पट्टी सापडत नाही' म्हणेल आणि पट्टी जागेवरच असेल, हे मला कळतं.

हे सगळं मी तिच्यासमोर बसून लिहिलं, लॅपटॉप मांडीवर घेऊन. लिहिता लिहिता अकरा वेळा उठलो. आत्ता परत ओरडली बघा ती बाई. वृषालीचे डोळे माझ्याकडेच आहेत. उठतो.